नवा रस्ता पाच वर्षं फोडायचा नाही

न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत एक नियम आहे, जळगाव-धुळ्याच्या माणसाला हेवा वाटावा असा. नव्याने केलेला रस्ता पाच वर्षं खोदायचा नाही. पाइप फुटला, गॅस गळला तर गोष्ट वेगळी. पण 'केबल टाकायची राहून गेली' म्हणून कुणी आलं, तर परवानगी सहजी मिळत नाही.

अमेरिकेत डाउनटाउन, म्हणजे गावाची जुनी बाजारपेठ, सावरण्याचे आराखडे गावोगावी निघतात. त्यातली रंगीत चित्रं सगळीकडे सारखीच. आराखडा तगणार की नाही, ते खोदकामाच्या क्रमावरून कळतं. फरशीला हात लावण्याआधी पाणी, गटार, वीज, गॅस, टेलिफोन या सगळ्या खात्यांना विचारायचं, की पुढच्या पाच वर्षांत इथे काय टाकायचंय? असेल ते आत्ताच टाका. मलवाहिनी सर्वांत खोल, वीज आणि केबलच्या नळ्या वर. पाण्याची लाइन मलवाहिनीपासून दहा फूट बाजूला. ओलांडावीच लागली तर मलवाहिनीच्या वरून, मध्ये दीड फूट अंतर ठेवून. एक-दोन नळ्या रिकाम्या टाकून ठेवायच्या, म्हणजे उद्याची केबल न खोदता सरकवता येते.

तरीही काम फसतं, आणि फसतं ते ठरलेल्या जागी. मुख्य लाइन नवी होते, तिच्यापासून दुकानापर्यंतचं जुनं गंजकं कनेक्शन तसंच राहतं. नव्या लाइनचा दाब वाढला की ते फुटतं आणि नवी फरशी उखडावी लागते. म्हणून कनेक्शन दुकानाच्या हद्दीपर्यंत बदलायचं, त्याचा खर्च निविदेतच धरायचा. दुसरी चूक चारी बुजवण्यात. भराव अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारून, दाबत भरावा लागतो. एकदम लोटला तर पहिल्या पावसात रस्ता बसतो. तापीकाठची आपली काळी माती तर पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. निघालेली तीच माती पुन्हा चारीत ढकलू नये, मुरूम आणावा.

वेळही महत्त्वाची. अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या खरेदीत दुकानांसमोर खोदत नाहीत. आपल्याकडे दिवाळी, लग्नसराई, आखाजी आणि पावसाळा वगळला तर उरतो पौष आणि त्याच्या आगेमागे थोडे दिवस. तेवढ्यात एक चौक ते दुसरा चौक एवढंच काम घ्यावं, रस्त्याची एक बाजू चालू ठेवून आणि प्रत्येक दुकानाला लाकडी फळीचा रस्ता देऊन.

हे सगळं बघायला पूर्णवेळ माणूस लागतो. जुन्या बाजारपेठा सावरण्यासाठी अमेरिकेत 1980 साली सुरू झालेल्या मेन स्ट्रीट कार्यक्रमाचा भर त्यावरही आहे: गावाने बाजारपेठेसाठी पगारी व्यवस्थापक नेमायचा. स्वच्छता, दिवे, कुंड्या यांचा खर्च बऱ्याच ठिकाणी तिथलेच मिळकतदार जादा कर लावून घेऊन भागवतात. ही पद्धत 1970 मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजारपेठेने सुरू केली. आपल्या व्यापारी मंडळांना हे न जमण्यासारखं काय आहे? गणेशोत्सवाची वर्गणी ती चोख जमवतातच.

आणि एक सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या कलामझू गावाने 1959 मध्ये मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून फक्त पायी फिरणाऱ्यांसाठी दिला, तरी गिऱ्हाईक मॉलकडे गेलंच. 1998 मध्ये तिथे पुन्हा गाड्या सोडल्या. माणसं यावीत म्हणून ही गावं कोट्यवधी खर्च करतात. धुळ्याच्या आग्रा रोडला संध्याकाळी माणसं बोलवावी लागत नाहीत. म्हणून अमेरिकेतला आराखडा जसाच्या तसा उचलून आपल्याकडे चालणार नाही.

आपल्याकडे पहिलं काम हातगाड्या मोजण्याचं. 2014 च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे. त्यांना बरोबर घेऊन हातगाडीची जागा आखावी आणि बाजारातल्या फुटपाथवर चालायला किमान अडीच मीटर मोकळे ठेवावेत. दुकानदारांच्या आणि नोकरांच्या मोटारसायकली दिवसभर दारातच उभ्या असतात, त्यांच्यासाठी मागच्या गल्लीत जागा काढावी. ही आखणी झाल्यावरच फरशीची निविदा काढावी.