करड्या विटांपासून पिवळ्या मातीपर्यंत

प्राचीन चीनच्या टेबलावरच्या युद्धखेळांसाठी आम्ही हाताने भूभाग बनवतो. तटबंदी, वेशी, मातीचे कडे, राळ्याची शेतं. पहिल्या संचांतला तट करड्या विटांचा होता. देखणा, पण काळ चुकलेला. विटांनी मढवलेली जी चिनी भिंत फोटोंत दिसते, ती मुख्यतः मिंग काळातली, म्हणजे 1368 नंतरची. इ.स.पू. 260 ची, चिन आणि झाओ या राज्यांमधली चांगपिंगची लढाई मांडणाऱ्याला ती चालणार नाही. त्या काळी फळ्यांच्या साच्यात माती भरून धुमसाने चोपत आणि थरावर थर चढवत. आम्ही विटांचे साचे बाजूला ठेवले, ते यासाठी.

चोपलेला थर साधारण 8 ते 12 सेंमीचा. 28 मिमी उंचीच्या खेळण्यातल्या सैनिकांशी जुळणाऱ्या 1:56 प्रमाणात तो जेमतेम 2 मिमी भरतो. म्हणून एक्सपीएस फोमवर (थर्माकोलसारख्या, पण घट्ट पाट्यावर) 2 मिमी अंतराने, शाई संपलेल्या रिफिलने रेघा दाबायच्या. सुरीने नाही, सुरीची कड धारदार राहते आणि माती फळीसारखी दिसू लागते. रेघ थोडी वरखाली झालेलीच बरी. मध्येमध्ये फळ्यांच्या जोडाची एखादी उभी खूण.

मग फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग समप्रमाणात घेऊन दोन हात. हा लेप कुठेही सुटता कामा नये. रंगाच्या स्प्रेमधलं सॉल्व्हंट टाचणीएवढ्या उघड्या जागेतूनही फोम खातं आणि आत पोकळी पडते. वर यलो ऑकर, पांढरा आणि चिमूटभर तपकिरी अंबर रंग, कोरड्या ब्रशने. गडद तपकिरी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, फार झाला तर रेघा काळ्या पडतात आणि पुन्हा विटाच दिसतात. आमचे सर्वाधिक नग याच पायरीवर बाद झाले.

मापं खेळावरून ठरतात. डीबीए या प्राचीन युद्धखेळाच्या नियमांत 15 मिमीच्या सैनिकांच्या तुकडीची रुंदी 40 मिमी असते, त्यामुळे त्या संचातली वेस आम्ही 45 मिमी ठेवतो. रथाचा बेस अडकत नाही. तटाची उंची मात्र प्रमाणाबाहेर कमी ठेवतो. खऱ्या 10 मीटरचा तट 28 मिमीच्या पटावर सुमारे 18 सेंमी होईल, आणि पलीकडच्या तुकड्यांपर्यंत हात नेणं अवघड होईल. आम्ही 10 सेंमीवर थांबतो.

वेशीवरच्या छपराला नालीदार पुठ्ठा लागतो. वरचा कागद ओलसर करून सोलायचा. नळ्यांमधलं अंतर 2.5 ते 3 मिमी असलं की कौलं प्रमाणात बसतात. छपराची उतरण सरळ ठेवावी. टोकं वर उचललेली वळणदार छपरं पुष्कळ नंतरची आहेत, ग्राहकाने मागितली तरी आम्ही या काळाच्या संचात देत नाही.

राळ्याच्या शेताला काथ्याच्या पायपुसण्याच्या 10 मिमी पट्ट्या उत्तम. त्या पायाला कायमच्या चिकटवू नयेत, तुकडी शेतात शिरली की उचलता आल्या पाहिजेत.

पायाला 3 मिमीचं एमडीएफ. एकाच बाजूने ओला गोंद लावला की ते वाकतं, म्हणून खालूनही एक हात द्यायचा आणि वजनाखाली सुकवायचं. पावसाळ्यात त्याला दोन दिवस लागतात, घाईने हेअर ड्रायर मारला तर गोंदाची साय धरते आणि आत ओल राहते. जून ते सप्टेंबरच्या मागण्यांना आम्ही म्हणूनच आठवडा जास्त सांगतो.