नाही बा, नाळे बा

मराठीतला 'बा' तसा निवृत्तीला आलेला शब्द. बापाला 'बा' म्हणणारी माणसं आता खेड्यापाड्यांतच उरली. शहरात त्याचा 'बाबा' झाला, मग 'पप्पा'. वाक्याच्या शेपटीला मात्र तो अजून चिकटून आहे. 'असेल बा.' 'आपल्याला नाही बा जमायचं.' या 'बा'ला अर्थ नाही असं वाटत असेल तर तो काढून बघा. 'मला माहीत नाही' हे साक्षीदाराचं वाक्य झालं. 'मला नाही बा माहीत' म्हणणाऱ्यानं आपलं अंग काढून घेतलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्याला सगळं माहीत असतं.

बेळगावात या 'बा'च्या शेजारी कानडी 'बा' राहतो. त्याचा अर्थ 'ये'. बरोबरीच्याला किंवा लहानाला 'बा', पोराला 'बारो', पोरीला 'बारे', आणि मान द्यायचा तर 'बर्री'. खडेबाजारात कापडाच्या दुकानातून 'बर्री अक्का' आणि 'या की वो ताई' ही दोन्ही आमंत्रणं एकाच तोंडातून निघतात, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून. चेहऱ्यावरून भाषा कशी ओळखतात? मला नाही बा माहीत. बदलीवर आलेली मंडळी आधी सोपा म्हणून 'बा' शिकतात आणि वडीलधाऱ्या रिक्षावाल्याला त्यानंच हाक मारतात. रिक्षा येते, पण भाड्याची घासाघीस त्या दिवशी जमत नाही.

दोन्ही 'बा' एकमेकांचे कुणी लागत नाहीत. कानडी 'बा' द्राविडी घराण्यातला. तमिळमधला 'वा' त्याचा सख्खा भाऊ, कानडीत शब्दारंभीच्या 'व'चा 'ब' होतो एवढाच फरक. आपला 'बा' मुळात पाळण्यातला. ओठ मिटून उघडले की 'मा' किंवा 'बा' आपोआप बाहेर पडतो. रोमान याकोब्सन या भाषापंडिताचं म्हणणं असं, की ही अक्षरं बाळाला सोपी म्हणून ते उच्चारतं आणि ती आपल्यालाच उद्देशून आहेत असं आईबाप धरून चालतात. गुजरातेत हाच 'बा' आईनं पटकावला; कस्तुरबा सगळ्यांच्या 'बा' होत्या.

आणखी लांब जावं तर व्हिएतनामी भाषेत 'बा' म्हणजे तीन, प्राचीन इजिप्तमध्ये माणसाचं तोंड असलेल्या पक्ष्याच्या रूपात दाखवलेला आत्मा. चिनीत सूर बदलला की माणूस बदलतो: वरच्या सपाट सुरात 'बा' म्हणजे आठ, खाली पडणाऱ्या सुरात बाप. आठ तिथं शुभ. बीजिंगचं ऑलिंपिक ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता सुरू केलं ते उगीच नव्हे. पण मला भावला तो त्यांचा तिसरा 'बा'. तो सूर न लावता वाक्याच्या शेवटी टाकतात आणि त्यानं ठाम विधानाचा अंदाज होतो. म्हणजे हुबेहूब आपलं 'असेल बा'! हजारो मैलांवर, नात्याचा धागा नसताना, दोघांनाही अंग काढून घ्यायला हेच अक्षर सापडावं?

कानडी 'बा'नं तर भुतालाही फसवलंय. १९९०च्या दशकात बंगळूरकडच्या गावांत एक आवई उठली होती, की रात्री चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणारा वाचत नाही. म्हणून लोकांनी दारावर लिहिलं, 'नाळे बा', उद्या ये. चेटकीण वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते. सरकारी कचेऱ्यांत जिवंत माणसांवर रोज चालणारा हा उपाय भुतावर प्रथमच करून पाहिला गेला असावा. कानडी लिपी जुळवून वाचणाऱ्या मराठी माणसाला मात्र ती कुणा नाळे आडनावाच्या म्हाताऱ्याच्या घराची पाटी वाटेल.

खरी पंचाईत पंढरपुरात. आमच्या खानापूर भागातला वारकरी 'बा विठ्ठला' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बाप असतो. पण ज्ञानदेवांनी ज्याला कानडा म्हटलं, त्या देवाला ते 'ये विठ्ठला' असं ऐकू जायला हवं. दासपदं गाणारे कानडी भक्त तर उघडच त्याला 'बारो' म्हणतात. इतक्या जणांनी बोलावूनही तो अठ्ठावीस युगं विटेवरून हललेला नाही. ही शंका मी शेजारच्या कानडी आजोबांपुढे मांडली. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या देवाला 'बा' म्हणतात होय? 'बर्री' म्हणून बघा की एकदा."