बोटीचा पाइप आणि अक्कलकोट रोडचा हॅक्सॉ

इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला इचेन नदीकाठच्या एका यार्डात आमची बोट हिवाळाभर लोखंडी स्टँडवर उभी असते. 28 फुटी, फायबरग्लासची, जुनी. ऑफिसातला एक मित्र आणि मी, दोघांनी मिळून घेतलेली. या वर्षी तिच्या मागच्या टोकाला सोलर पॅनेलसाठी चौकट उभी करायची होती. बाहेरून 25 मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा, 316 ग्रेडचा स्टेनलेस पाइप. एकूण अकरा काप.

सोलापुरात असतो तर हे काम मी हातात घेतलंच नसतं. माप कागदावर लिहून फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो असतो आणि चहा संपायच्या आत पाइप कापून मिळाले असते. इथेही कारागीर आहेत आणि त्यांचं काम देखणं असतं, पण ते तासावर पैसे घेतात आणि उन्हाळा जवळ आला की कुणाला वेळ नसतो. म्हणून यार्डातले बहुतेक बोटवाले हत्यारं स्वतःच घेतात. मीही घेतलं. हँड ग्राइंडर.

पहिला तुकडा मी डेकवरच कापला. ग्राइंडरला लावलेल्या चकतीनं आधी साधा लोखंडी अँगल कापला होता, त्याचा विचारही केला नाही. काप क्षणात झाला, कडा निळी-तपकिरी पडली. तीन आठवडे पावसात गेले आणि त्या कडेभोवती चहा सांडल्यासारखे डाग आले. त्याहून जिव्हारी लागलं ते डेकवर. पांढऱ्या जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थरात, टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके, शेकड्यांनी. ठिणग्या तापलेल्या अवस्थेत आत रुतून बसल्या होत्या आणि आता गंजत होत्या. शेजारची बोट वाऱ्याच्या दिशेला नव्हती, नाहीतर तिचीही तीच गत झाली असती.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी, सोलापूरला आलो तेव्हा त्याच पाइपचा फूटभर तुकडा बॅगेत होता. नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, मामांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मामांनी उमेदीची वर्षं पॉवरलूमचे पार्ट दुरुस्त करण्यात घालवली. आता एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे रेलिंग, गेट असं काम चालतं.

त्यांनी तुकडा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "काय बे, जाळलास की ह्याला."

मग समजावलं. स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवा लागली की वर एक अतिपातळ थर धरतो, तोच त्याचं चिलखत. 316 मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमही असतं, म्हणून खाऱ्या हवेत ते नेहमीच्या 304 ग्रेडपेक्षा टिकतं. पण काप निळा पडेपर्यंत तापवला की तिथलं चिलखत कमजोर होतं, आणि साध्या लोखंडाचे कण त्यावर घासले गेले की ते कण गंजायला लागतात. पाइप कितीही महागाचा घ्या, हत्याराला लोखंड चिकटलेलं असेल तर गंज आपणच लावून दिला.

दुपारभर आम्ही मामांकडच्या तशाच भंगार तुकड्यांवर एकेक हत्यार लावून बघितलं. मोठं कटऑफ मशीन मामांनी मला चालूही करू दिलं नाही. "ते गेटच्या लोखंडी पाइपला," एवढंच बोलले. ग्राइंडरला एक मिलिमीटरची, खास स्टेनलेससाठीची नवी चकती लावून हलक्या हातानं कापलं तर काप खरोखर स्वच्छ येतो. पण ठिणग्या त्या ठिणग्याच, आणि गोल पाइपवर सरळ रेषेत ग्राइंडर फिरवायला सवयीचा हात लागतो. पाइप कटर, म्हणजे पाइपभोवती गोल फिरवत चाक आवळत नेतात तो, यानं काप अगदी काटकोनात येतो. मला तोच आवडला होता. पण तांब्यासाठीचं चाक स्टेनलेसवर पटकन बोथट होतं, आणि ते धातू कापण्यापेक्षा आत दाबत नेतं. पाइपच्या आत धारदार कडं, म्हणजे बर, उभं राहिलं होतं. माझ्या चौकटीत पॅनेलची वायर एका पायातूनच खाली जाणार होती.

शेवटी मामांनी भिंतीवरचा हॅक्सॉ काढला. मला आधी पटलं नाही, स्टेनलेसला हातकरवत? त्यांनी 32 दाती, म्हणजे इंचाला 32 दात असलेलं, बायमेटल (दोन धातूंचं) ब्लेड लावलं. साध्या कामाला 18 किंवा 24 दाती चालतं, पण पाइपची जाडी दीड मिलिमीटर. मोठ्या दातांच्या मधल्या फटीत ती कड अडकते आणि दात तुटतो. जाडीवर निदान तीन दात टेकले पाहिजेत, असा नियम आहे. 32 दातीतही दोन दातांमध्ये पाऊण मिलिमीटरच्या आसपास अंतर राहतं, म्हणजे आडवं कापलं तर जेमतेम दोनच दात टेकतात. यावर उपाय म्हणजे एका दमात आरपार कापायचं नाही. थोडं कापायचं, पाइप आपल्याकडे फिरवायचा, पुन्हा थोडं. ब्लेड कडेला आडवं न जाता तिच्या लांबीवरून सरकतं आणि जास्त दात कामाला लागतात.

रेघ मारायला मामांनी गुण्या घेतलाच नाही. वर्तमानपत्राची सरळ कडेची पट्टी फाडली, पाइपभोवती गुंडाळली, दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर बसवली. ती बसली की कड आपोआप काटकोनात. तिच्या कडेनं मार्करची रेघ. मग व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पाइप थेट धरायचा नाही म्हणून टॉवेलच्या कारखान्यातला सेकंडचा, म्हणजे दोष निघालेल्या मालाचा तुकडा दुमडून मधे घातला. पुढे ढकलताना जोर, मागे घेताना हात सैल, तेलाचा थेंब, आणि सावकाश. ब्लेड नुसतं घसरू द्यायचं नाही. स्टेनलेस घासलं की कठीण होत जातं, मग नवं ब्लेडही त्यावर चालत नाही.

एका कापाला मला सहा-सात मिनिटं लागली. पाइप हाताला कोमट लागत होता, एवढंच. कडेला रंग नाही, ठिणगी नाही.

माझ्या कामाला हेच हत्यार योग्य होतं, आणि त्याला कारण आहे. पाइपची टोकं तयार फिटिंगच्या आत जाऊन स्क्रूनं आवळली जाणार होती, त्यामुळे काप केसभर तिरका झाला तरी झाकला जातो. तेच जोड वेल्डिंगचे असते, एका पाइपच्या टोकाला दुसऱ्याच्या गोलाईचा घास घ्यायचा असता, तर मी हॅक्सॉच्या नादी लागलो नसतो. ते काम गोल भोक कापणाऱ्या होल सॉचं आणि सराईत वेल्डरचं. आणि अकराऐवजी शंभर काप असते तर कमी वेगाचा बँडसॉ (पट्ट्यासारखं ब्लेड फिरणारी करवत) भाड्यानं आणला असता.

एक गोष्ट मात्र कुठलंही हत्यार घेण्याआधी बघा. फिटिंग 25 मिलिमीटरचं आहे की इंचाचं? इंच म्हणजे 25.4. हा पाव-अर्धा मिलिमीटर हातात कळत नाही, फिटिंगमध्ये लगेच कळतो. आणि नळाच्या भाषेतला एक इंची पाइप तर बाहेरून 33.4 मिलिमीटर भरतो.

परतताना बॅगेत 32 दाती ब्लेडची दोन पाकिटं आणि टॉवेलचे चार सेकंड होते. मार्चमध्ये, दोन शनिवार लावून, अकरा काप यार्डातल्या बाकावर पूर्ण केले. चौकट उभी राहिली तशी मामांना फोटो पाठवला. त्यांनी पॅनेल बघितलं नसावं, बोटही नाही. फोन आला तो थेट एकच प्रश्न घेऊन.

"वायर जाती त्या पाइपातली बर काढलीस का?"

काढली होती. आधी गोल कानशीनं, मग पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून, आणि शेवटी जुन्या मोज्यात बोट घालून आतून फिरवलं होतं. धागा कुठे अडकला नाही.

"मग ठीक हाय," म्हणाले.