जाड भाग धातूत शेवटी थिजतो, रेझिनमध्ये आधी

रेझिन ओतणं आणि वितळलेला धातू ओतणं लांबून बघितलं तर एकच काम वाटतं, साचा करा, ओता, घट्ट झालं की काढा. पण उष्णतेचा हिशोब दोन्हीकडे बरोब्बर उलटा असतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्म्या अडचणी का येतात ते आपोआप कळायला लागतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

धातू गरम येतो आणि साच्याला उष्णता देत देत थिजतो. ॲल्युमिनियम ६६० डिग्री सेल्सियसला वितळतं आणि ओततात त्याहून बरंच वर तापवून. बारीक भाग पटकन थिजतात, जाड भाग आतून बराच वेळ वितळलेलाच राहतो, आणि थिजताना ॲल्युमिनियमचं आकारमान साधारण ६ टक्के कमी होतं. मग जाड भागाला कमी पडलेला धातू मिळणार कुठून? नाही मिळाला की आत पोकळी पडते नाहीतर वरची बाजू खचते. रायझर, म्हणजे कमी पडलेला धातू पुरवणारा साच्यातला जादा साठा, लावायचा तो यासाठीच, म्हणून तो ओतलेल्या वस्तूच्याही नंतर थिजला पाहिजे. धातू वाचवायला म्हणून रायझर बारीक ठेवला तर तोच आधी थिजतो आणि असून नसल्यासारखा होतो.

इपॉक्सी रेझिन याच्या उलट. ते थंडच ओततो आपण, हार्डनर मिसळल्यावर होणाऱ्या रिॲक्शनमधून उष्णता ते स्वतः तयार करतं. जाड भागातली उष्णता बाहेर पडत नाही, तापमान वाढतं, त्यामुळे रिॲक्शन अजून जोरात होते, परत तापमान वाढतं, आणि मग तडे, पिवळेपणा, कधी कधी चक्क धूर. म्हणून मिसळलेलं रेझिन कपात तसंच ठेवलं तर पसरून ओतलेल्यापेक्षा खूप लवकर घट्ट होतं. जाड वस्तूला एकतर हळू सेट होणारं डीप पोअर रेझिन घ्या नाहीतर थर देत जा, यात घाई खरंच करू नका.

बुडबुड्यांचं एक, जे फार कमी लोक सांगतात. प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे हवेचा दाब देऊन बुडबुडे चेपणाऱ्या बंद भांड्यात, रेझिन ओतणार असाल तर सिलिकॉनचा साचाही प्रेशरखालीच बनवा, नाहीतर साच्यात अडकलेले बुडबुडे दाबाने चेपतात आणि वस्तूवर बारीक पुटकुळ्या उठतात. आणि प्लॅटिनम सिलिकॉनला (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं साच्याचं सिलिकॉन) गंधक असलेली क्ले किंवा लॅटेक्सचे ग्लोव्हज लागू देऊ नका, तिथे ते चिकटच राहतं.

धातूत मात्र सगळ्यात मोठा शत्रू ओलावा. पाण्याची वाफ झाली की आकारमान १६०० पटींच्या वर जातं, वितळलेल्या धातूखाली ती अडकली तर धातू अंगावर उडतो. साचा, हत्यारं, भट्टीत टाकायचे तुकडे, सगळं आधी तापवून कोरडं करायचं, आणि सिमेंटच्या जमिनीवर न ओतता कोरड्या वाळूवर ओतायचं, कारण सिमेंटमध्येही ओल असते.

रेझिनवरून धातूकडे यायचं असेल तर कथलापासून सुरुवात करा, ते २३२ डिग्रीलाच वितळतं, उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनच्या साच्यात चालतं, फक्त साच्याला टाल्क पावडर लावा म्हणजे बारीक नक्षीतही धातू नीट उतरतो.