होतं मावशी, तेव्हाही होतं

"सिस्टर, आमच्या वेळेला कुठं होतं हे?"

सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी झाली, त्यातली बरीचशी लेबर रूम आणि पीएनसी, म्हणजे बाळंतपणानंतरच्या वॉर्डात गेली. हा प्रश्न मला वॉर्डात विचारतात, एसटी स्टँडवर विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. विचारणारी बहुतेक वेळा साठीच्या आसपासची, चार-पाच बाळंतपणं निभावलेली असते. आत तिची सून किंवा लेक भिंतीकडे तोंड करून रडत पडलेली असते आणि मी बाहेर येऊन म्हटलेलं असतं की हिच्या मनाला बरं नाही, आपण मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवू. मागच्या आठवड्यात पुन्हा एका मावशींनी पदर खोचून तेच विचारलं. "आम्ही आठव्या दिवशी भांगलायला गेलो. आमच्यात कुणाला झालं नाही डिप्रेशन." त्या दिवशी गर्दी होती, मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून, मावशी, आज सावकाश सांगते.

होतं. तुमच्या वेळी होतं आणि तुमच्या आईच्या वेळीही होतं.

माझ्या आईची धाकटी बहीण दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर अठराव्या दिवशी गेली. घरात एवढंच सांगायचे, की विहिरीवर गेली आणि पाय घसरला. ज्या घरात तीन जावा पाणी भरायला होत्या तिथे ओली बाळंतीण उजाडायच्या आधी विहिरीवर कशाला गेली, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा पाठीत धपाटा बसला. पुढचं आईनं सांगितलं ते मला नोकरीत पंधरा वर्षं झाल्यावर. मावशी आठ दिवस धड जेवली नव्हती. पोरीला जवळ घेत नव्हती. "माझ्यात कायतरी शिरलंय," म्हणायची. देवऋषी आणला, लिंबू उतरवला, अंगारा लावला. तिच्याशी बोललं मात्र कुणी नाही, कारण बाधा झालेल्या बाईशी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"आमच्यात कुणाला झालं नाही" असं सांगायला ज्या आहेत, त्या निभावून निघालेल्या आहेत. माझी मावशी सांगायला उरली नाही.

नावं तर होतीच की या आजाराला. बाळंतवात म्हणायचे, बाहेरचं लागलं म्हणायचे, डोक्यात वारं शिरलं म्हणून कानात बोळे घालून फडकं बांधायचे. फ्रान्समध्ये लुई-व्हिक्तोर मार्से नावाच्या डॉक्टरनं 1858 साली गरोदर आणि बाळंतिणींच्या मनाच्या आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तेव्हा मोबाइल नव्हता, नोकऱ्या करणाऱ्या सुना नव्हत्या, आजकालच्या पोरी नाजूक आहेत असं म्हणायची सोय नव्हती. आजार होता.

तुमच्या काळाला मी नावं ठेवत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खाट, रोज तेल-पाणी, शेक-शेगडी, अळीव-डिंकाचे लाडू आणि पाचवीच्या रात्री दिवा विझू न देता कुणीतरी सोबत जागं राहणं, यात मोठं शहाणपण होतं. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही हे तुम्हाला कुणा डॉक्टरनं शिकवलं नव्हतं. आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये चार महिन्यांचं बाळ घेऊन दिवसभर एकट्या असलेल्या मुली बघते तेव्हा मला त्या सव्वा महिन्याची फार किंमत वाटते. पण त्याच अंधाऱ्या खोलीत तिनं तोंड उघडलं की काय ऐकायला मिळायचं? "देवानं पदरात टाकलंय, रडतीस काय?" तिचं अंग सगळ्यांनी सांभाळलं, तिचं बोलणं मात्र कुणी ऐकलं नाही.

आणि हा सव्वा महिना सगळ्यांना मिळाला असंही नाही. आमच्याकडे दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, कामावर आलं नाही तर खाड्याचे पैसे कापले जातात. कोपीवर बाळंत झालेली बाई काही दिवसांत फडात मोळ्या डोक्यावर घेऊन चालते आणि बाळ बांधावर पाचटाच्या सावलीत असतं. आठव्या दिवशी ती कामाला लागली याचा अर्थ ती बरी होती असा घ्यायचा का, मावशी? तुम्ही स्वतः आठव्या दिवशी भांगलायला गेलात तेव्हा तुम्हाला कसं वाटत होतं, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं?

आता आजाराचं सांगते, कारण सगळं एकात एक मिसळून बोललं जातं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरताना रडू येणं, चिडचिड होणं, मधेच हसणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. वार पडली की गर्भारपणात वाढलेले हार्मोन्स दोन-तीन दिवसांत एकदम खाली येतात, झोप मोडलेली असते, टाके दुखत असतात. हे पंधरा दिवसांत ओसरतं. त्याला गोळी लागत नाही, माणूस लागतं. पंधरा दिवस उलटले तरी उदासी हटत नसेल, भूक मेली असेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल किंवा त्याच्या काळजीनं छातीत सारखी धडधड होत असेल, तर तो आजार समजायचा. बऱ्याचदा त्याची सुरुवात पोटात बाळ असतानाच झालेली असते. आणि तिसरा प्रकार, ज्यात बाईचं भानच सुटतं, तो दुर्मीळ आहे, हजार बाळंतिणींत एक किंवा दोन, पण त्यात एक दिवससुद्धा थांबायचं नसतं. तिथे मी चुकले होते, ते सांगते.

2016 सालची गोष्ट. पहिलटकरीण, बाळंतपण सुखरूप, बाळ तीन किलोच्या आसपास. दोन रात्री ती झोपली नाही. कपड्यांच्या घड्या घालायची, मोडायची, पुन्हा घालायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी भराभर बोलत राहायची. रात्रपाळीच्या सिस्टरनं मला सांगितलं आणि मी म्हटलं, पहिलं बाळ आहे, आनंदात आहे. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर माझ्या हातानं लिहिलं, माता व बालक सुस्थितीत. अकराव्या दिवशी तिला चार जणांनी धरून आणलं. "हे माझं बाळ नाही, माझं बाळ बदललंय," असं ओरडत होती. मधले तीन दिवस भगताकडे गेले होते. अँब्युलन्स करून मेडिकल कॉलेजला पाठवलं. तिथे चौकशीत निघालं, की लग्नाआधी तिला असाच एक झटका येऊन गेला होता, गोळ्या चालू होत्या. लग्न ठरल्यावर माहेरच्यांनी त्या बंद केल्या आणि सासरी काही सांगितलं नाही.

अशा बाईला बाळंतपणानंतर पुन्हा झटका येण्याचा धोका फार मोठा असतो. ते आधी माहीत असतं तर आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलता आलं असतं. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, पण त्या बदलून देता येतात. मनानं बंद करणं सगळ्यात वाईट. आम्ही तिला विचारलं होतं का? फॉर्मवर 'पूर्वीचा आजार' असा रकाना असतोच. तो आम्ही सासूसमोर विचारला आणि तिनं मान हलवली. मान हलवणारच ना.

ती बरी झाली, हे आधी सांगायला हवं होतं. दोन महिन्यांनी लसीकरणाला आली तेव्हा मुलगा तिच्या कडेवर होता. पण ती दाखल असताना बाळ घरी ठेवलं होतं, आणि दूध आटून गेलं. त्याचं तिला फार वाईट वाटत होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आता स्पष्ट आहे, की दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच, आणि तेवढ्यापुरतंच. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या मोठ्या राष्ट्रीय संस्थेत, 2009 पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा वॉर्ड चालू आहे. असा वॉर्ड आपल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात का नसावा? नवजात बाळांसाठी काचेच्या पेट्या आल्या, वॉर्मर आले, तसा आईसाठी हाही यायला हवा.

मग मी वाचायला लागले. इथे आपल्या शेजारी गोव्यात, मानसोपचाराचे डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर बायकांना सातव्या महिन्यानंतर गाठलं आणि बाळंतपणानंतरही त्यांच्या मागे राहिले. 2002 साली ते छापून आलं. सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या 23 जणींना नैराश्य होतं आणि सहा महिन्यांनीही त्यांतल्या निम्म्याहून जास्त बऱ्या झाल्या नव्हत्या. कुणाला जास्त झालं? पैशाची ओढाताण असलेल्यांना, नवऱ्याशी धड नसलेल्यांना, गरोदरपणातच मन बिघडलेल्यांना आणि मुलगी झालेल्यांना. हे वाचून मला धक्का बसला नाही. आमच्या वॉर्डात मुलगी झाली की घरचा डबा उशिरा येतो, हे मी सत्तावीस वर्षं बघते आहे. पुढे 2017 मध्ये देशभरातल्या 38 अभ्यासांची बेरीज छापून आली, वीस हजारांवर बायका, त्यातही आकडा 22 टक्के निघाला. आमच्या वॉर्डात वीस खाटा आहेत, मावशी. हिशोब तुम्हीच करा.

आमच्या बायका "मला उदास वाटतं" म्हणत नाहीत. कंबर धरली म्हणतात, अंगावरून पांढरं जातं म्हणतात, हातापायात मुंग्या येतात, अंगात जीवच राहिला नाही म्हणतात. त्यातलं काही खरंच अंगाचं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडू शकतो. म्हणून रक्त आधी तपासायचं. पण लोहाच्या गोळ्या देऊन आमचं काम संपलं असं मानणं आता मी सोडलं आहे.

एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्न आहेत, 1987 साली तयार झालेले, मागच्या सात दिवसांविषयी विचारायचे. गोव्यात तेच कोकणीत करून वापरले होते. मी ते आपल्या बोलीत विचारते. पूर्वी जिथं हसू यायचं तिथं आता येतं का? काही चुकलं की उगाच स्वतःलाच बोल लावतेस का? कारण नसताना जीव घाबरा होतो का? बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का? या झोपेच्या प्रश्नावर बहुतेकींचा बांध फुटतो. बाळ झोपलेलं, घर झोपलेलं, आणि ती टक्क जागी. दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हा. विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरेल अशी भीती मलाही होती. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून हात घट्ट धरून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मात्र हे विचारताना सासू, आई, नवरा यांना मी बाहेर चहाला पाठवते. रागावू नका. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, तुमच्यासमोर ती खरं बोलणार नाही म्हणून.

"गोळी सुरू केली म्हणजे दूध बंद," हेही तुम्ही म्हणालात. तसं नाही. सौम्य त्रासात बोलून, समुपदेशनानं, घरच्यांच्या हातभारानं भागतं. गोळी लागलीच तर सर्ट्रालीनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या दुधात अगदी कमी उतरतात आणि डॉक्टर त्या अंगावर पाजणाऱ्या आईला देतात. गोव्यात संगाथ या संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून गरोदर बायकांकडे पाठवलं, त्यांना सखी म्हणतात. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, नीट ऐकून घेणाऱ्या बायका. आपल्या आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतातच. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्याच फेरीत आईजवळ दहा मिनिटं बसायला त्यांना शिकवलं, आणि त्या दहा मिनिटांचा मोबदला दिला, तर माझ्या मावशीसारख्या किती जणी हाताशी लागतील! रात्री-अपरात्री कुणी नसेल तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण बाई असंबद्ध बोलत असेल, तिला कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, बाळाविषयी भलतंसलतं बोलत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर नंबर फिरवत बसू नका. तिला एकटं सोडू नका, बाळाजवळ दुसरं माणूस ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा.

त्या दिवशी गडबडीत तुम्ही शेवटी एवढंच म्हणालात, "मग मी काय करू आता?" आणि मी घाईत म्हटलं, आज रात्री दूध पाजून झालं की नात तुमच्याकडे घ्या, पहाटेपर्यंत तिला उठवू नका. दुसऱ्या दिवशी राउंडला आले तेव्हा बाळ तुमच्या मांडीवर होतं, तुम्ही खिडकीशी बसला होतात आणि सून गाढ झोपली होती. मी तिला उठवलं नाही. बीपी नंतर घेतलं.

तिला चौदाव्या दिवशी घेऊन या म्हटलं आहे. येताना तुम्हीच घेऊन या. तिच्याशी मी एकटीशी बोलेन, आणि वेळ असेल तर नंतर तुमच्याशीही. तुमचा तो आठवा दिवस कसा होता, ते मला ऐकायचं आहे.