ग्रँटचा फॉर्म आणि तापाचा पेशंट

आजचा अख्खा दिवस आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) ग्रँट प्रपोजलमध्ये गेला बघा. विषय तसा साधा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या तापाच्या पेशंटांवर लक्ष ठेवायचं. माकडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा आणि माकडांनाही मारणारा ताप, पहिल्यांदा सापडला १९५७ ला शिमोग्याकडं, २०१६ ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात साथ आली, आणि आमची माणसं कामाला गोव्यात जातात, औषधाला कधी बेळगाव कधी चंदगड, मग गोचीड चावली कुठं आणि पेशंटाची नोंद झाली कुठं हे कोण जुळवणार? आयएचआयपीवर, म्हणजे सरकारच्या रोगनोंदीच्या पोर्टलवर, एस, पी, एल असे फॉर्म आहेत, आरोग्य सेविका, डॉक्टर आणि लॅब आपापला भरतात, सिस्टीम वाईट नाही हो, पण पत्त्यात नुसतं "खानापूर" लिहिलं की पुढं गाव शोधत बसा.

खरी मारामारी बजेटच्या पानावर. लॅबची मशीन मागितली तर कोण काही विचारत नाही, पेट्रोल लिहिलं की सर म्हणतात, "अगं, एवढा ट्रॅव्हल कशाला?" सर, कणकुंबीला पावसाळ्यात जाऊन बघा की एकदा! आशाताईंचा मोबदला मात्र मी कमी करणार नाही, मेलेलं माकड दिसलं की पहिला फोन त्यांचाच येणार.

त्यात संमतीपत्र कन्नड, मराठी दोन्हीत पाहिजे. मराठीचं झालं, कन्नडचं शेजारच्या टेबलवरच्या मॅडम तपासून देतो म्हणाल्यात. एथिक्स कमिटीचं पत्र अजून यायचंय, ते आलं की सबमिट.