रुग्णाच्या उशाशी दिलेला ओव्हर

इंग्लंडमधील रुग्णालयातून मे महिन्यात पंधरा दिवसांच्या रजेवर नागपूरला आले, तेव्हा मानेवाड्याच्या आमच्या घरी जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमातील माझ्या बॅचच्या तिघी मैत्रिणी भेटायला आल्या. त्यांपैकी एक रात्रपाळी संपवून थेट आली होती, कारण तिच्या रुग्णालयात उष्माघाताच्या रुग्णांसाठी कोल्ड वॉर्ड सुरू झाला होता आणि तिची ड्युटी तिथेच लागली होती. चहा होईपर्यंत पगार, घरभाडे, थंडी असे नेहमीचे प्रश्न विचारून झाले आणि मग तिनेच विचारले, "तिकडे ओव्हर कसा देतात गं?" इंग्लंडला जाण्याची तयारी करणाऱ्या मुली इंग्रजीच्या परीक्षेची धास्ती घेतात, परंतु तिथे गेल्यावर मला सर्वांत जड गेली ती हीच गोष्ट होती, आणि तिच्याविषयी मला आधी कोणीही सांगितले नव्हते.

ओव्हर देणे म्हणजे पाळी संपवून जाणाऱ्या परिचारिकेने आपले रुग्ण येणाऱ्या परिचारिकेच्या हवाली करणे. नागपुरातील ज्या रुग्णालयात मी नोकरीची सुरुवात केली, तिथे आम्ही ड्युटी रूममध्ये टेबलाभोवती उभ्या राहायचो आणि जाणारी सिस्टर रिपोर्ट बुकातून वाचून दाखवायची: "बेड नंबर चौदा, हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, जनरल कंडिशन फेअर, आयव्ही चालू." आयव्ही म्हणजे शिरेतून दिले जाणारे सलाईन. एका रात्री असाच ओव्हर घेऊन मी कामाला लागले. अडतीस रुग्ण आणि आम्ही दोघी. एका आजींच्या खाटेजवळ पोहोचायला मला दोन तास लागले. तेव्हा त्यांचा हात कोपरापर्यंत सुजून टणक झालेला होता, कारण सलाईन शिरेत न जाता बाहेरच्या मांसात जात होते. "तुम्ही कामात होत्या ना, म्हणून नाही बोलावलं," असे त्या म्हणाल्या. माझ्या आधीच्या सिस्टरने काहीही खोटे सांगितले नव्हते; कागदावर आयव्ही चालूच होती. तो हात मी आजही विसरलेले नाही.

इंग्लंडमधील माझ्या वॉर्डात पाळी बारा तासांची असते आणि दिवसा एका परिचारिकेकडे साधारण आठ रुग्ण असतात. सर्वजणी आधी पाच-दहा मिनिटे एकत्र जमून पडण्याचा धोका कोणाला आहे, कोणाची प्रकृती ढासळते आहे, एवढेच ऐकतात आणि त्यानंतर जाणारी व येणारी अशा दोघी प्रत्येक खाटेपाशी जातात. जाणारी परिचारिका रुग्णाला येणारीची ओळख करून देते. मनगटावरच्या पट्टीवरील नाव आणि जन्मतारीख पाहिली जाते, अ‍ॅलर्जी विचारली जाते, पंपावरचा वेग ऑर्डरशी ताडला जातो, सुई टोचलेली जागा, लघवीची पिशवी, ड्रेन म्हणजे जखमेतील स्राव बाहेर काढणारी नळी आणि टाचांची कातडी दोघींच्या डोळ्यांखालून जाते, आणि निघताना बेल हाताशी आहे ना, याची खात्री केली जाते. बोलण्याचा क्रमही ठरलेला असतो: सध्याची परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस. या क्रमाला तिथे एसबार म्हणतात आणि ही रीत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली आहे. सोबत न्यूज तक्ता असतो, म्हणजे रुग्णाची प्रकृती ढासळत असल्याचा इशारा गुणांवरून देणारा तक्ता. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था आणि ताप यांच्या गुणांची बेरीज पाच किंवा त्याहून अधिक झाली, की तातडीने डॉक्टरांना कळवावे लागते.

हे सगळे मी आठवड्याभरात शिकले. जमले नाही ते रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलणे. माझा आवाज आपोआप खाली जायचा. एक वृद्ध गृहस्थ अखेर अस्वस्थ होऊन म्हणाले, की माझ्यापासून काहीतरी लपवले जात आहे का? त्यांच्या जागी मी असते, तर मलाही तसेच वाटले असते. पण आमची घडणच वेगळी झालेली होती. "सिस्टर, आमच्या बाबाले काही सांगू नका जी," असे हात जोडून सांगणारे मुलगे मी वॉर्डाच्या दारात कितीतरी वेळा पाहिले आहेत आणि त्यांच्यासाठी कॅन्सर हा शब्द मी स्वतः अनेकदा गिळलेला आहे. ते प्रेमापोटी असते, हे मला ठाऊक आहे. मात्र त्या सवयीमुळे रुग्ण हा ऐकणारा माणूस आहे, हेच आपण हळूहळू विसरतो, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

माझ्या वॉर्डातील एका ज्येष्ठ परिचारिकेने ही गाठ सोडवली. डॉक्टरांनी रुग्णाला जे सांगितले आहे ते खाटेपाशी बोलावे. जो अहवाल त्याला अजून कळलेला नाही, घरात मारहाण होत असल्याचा संशय, एचआयव्हीसारखी बाब, हे खाटेपासून दूर जाऊन सांगावे, कारण पडद्याने दिसणे थांबते, ऐकू येणे थांबत नाही. ही सीमारेषा कळल्यावर माझा आवाज मोकळा झाला.

पुढे एका सकाळी ओव्हर देताना मी म्हणाले, की हे काका स्वच्छतागृहात स्वतःचे स्वतः जातात. त्यावर काकांनीच मला अडवले. पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरून उभा राहिलो, पण तुम्ही दुसऱ्या रुग्णाकडे होता म्हणून बोललो नाही, असे ते म्हणाले. येणाऱ्या परिचारिकेने लगेच त्यांचा आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब घेतला. वरचा आकडा वीसपेक्षा अधिक घसरला होता. दुपारपर्यंत त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस कमी झाला. ड्युटी रूममध्ये उभी राहून मी तेच वाक्य बोलले असते, तर ते खोडायला तिथे कोणीही नसते.

अडचणी आहेतच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला दोघींना एकत्र पाहून कधी भीती वाटते, बोलक्या रुग्णापाशी वेळ निघून जातो आणि रात्री झोपलेल्याला उठवायचे नसल्याने बॅटरीच्या उजेडात पंप व श्वास पाहून पुढे सरकावे लागते.

माझे बोलणे ऐकून कोल्ड वॉर्डवाली मैत्रीण म्हणाली, "आठ रुग्ण असले तर मीही करीन गं. आमच्याकडे खाली गाद्या टाकलेल्या असतात." तिचे म्हणणे खरे होते आणि मी ते अमान्य केले नाही. अपुऱ्या मनुष्यबळाचे ओझे परिचारिकेच्या माथी मारून तिला नवीन पद्धत शिकवायला जाणे मला अन्यायाचे वाटते. मी एवढेच म्हणाले, की सगळे नकोत. ज्यांना ऑक्सिजन आहे, रक्त चढते आहे, ड्रेन किंवा कॅथेटर म्हणजे लघवीची नळी आहे, त्याच दिवशी ऑपरेशन झाले आहे, तेवढ्यांपाशी दोघींनी उभे राहून पाहावे.

परतीच्या आदल्या रात्री तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. तिने पाच खाटांपाशी उभे राहून ओव्हर घेतला होता. बस चुकेल म्हणून जाणारी सिस्टर कुरकुरली. चौथ्या खाटेवरच्या आजोबांच्या कॅथेटरचा क्लॅम्प बंद राहून गेलेला होता आणि पोट तट्ट फुगले होते. तो उघडल्यावर आजोबा काही न बोलता डोळे मिटून पडून राहिले, असे तिने लिहिले होते, आणि खाली वेळ दिली होती: सहा मिनिटे जास्त.